पाच-नऊ, दोनशे बारा

माझ्या अँटेनावर तीन मोजे वाळत असायचे. दोन राखाडी, एक निळा. चिमटे लाकडाचे, कारण तार मी सेंटिमीटरपर्यंत मोजून कापली होती आणि तिला धातूचा स्पर्श मला नको होता. तांब्याची ती तार एका मेलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटातून काढलेली. माझ्या खिडकीतून निघून ती डक्टमधून तिरपी वर जायची आणि पाचव्या मजल्याच्या जुन्या कप्पीवर संपायची. लांबून बघणाऱ्याला ती कपडे वाळत घालायची दोरी वाटावी अशी अपेक्षा होती. जवळून बघणारी व्यक्ती पाचव्या मजल्यावरच राहत होती, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

आमची इमारत मोंतेविदेओत, दुराज्नो रस्त्यावर, सहा मजल्यांची. समोरच्या फ्लॅटना नदी दिसते. मागच्यांना डक्ट दिसतो. मी तिसऱ्या मजल्यावर मागे, भाड्याने. सोसायटीचा नियम चौदा असा, की दर्शनी भागावर काही लावायचं नाही. गच्ची सर्वांची होती, म्हणून तिची किल्ली चेअरमन नोटरी ओलासो यांच्या खिशात असे. डक्टबद्दल नियमात एक शब्द नव्हता. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. जिथे नियम गप्प असतो तिथे प्रयोग करता येतो, एवढं मला कळतं.

हौशी रेडिओ म्हणजे काय हे मी बावीस वर्षं लोकांना समजावतोय आणि बावीस वर्षं लोक म्हणतायत, "पण फोन आहे की." तेव्हा थोडक्यात सांगतो. वर्षातून काही शनिवार-रविवार स्पर्धा असतात. चोवीस तासांत जितक्या अनोळखी लोकांशी बोलता येईल तितक्यांशी बोलायचं. ओळख नावाने नाही, परवान्यावरच्या अक्षरांनी द्यायची; त्यांवरून देश कळतो. बोलणं म्हणजे दोन गोष्टींची देवाणघेवाण. एक, तुमचा आवाज मला कसा येतोय याचा दाखला: स्पष्टपणा पाचपैकी, जोर नऊपैकी. दोन, अनुक्रमांक: हा माझा कितवा संपर्क. मग दोघांनीही ते आपापल्या नोंदवहीत लिहायचं. नंतर समिती सगळ्यांच्या नोंदवह्या एकमेकींशी ताडून बघते. दोन्हीकडे जुळलं तरच संपर्क झाला. एकानेच लिहिला असेल तर तो झालाच नाही.

यातला दाखला म्हणजे शुद्ध थाप. समोरच्याचा आवाज बादलीच्या तळातून आल्यासारखा असो, सगळे सगळ्यांना "पाच-नऊ"च देतात. खरं सांगायला वेळ जातो, आणि खोटं बोललं तर कोणाचं काही बिघडत नाही. बावीस वर्षांत मी दुसरा आकडा उच्चारलेला नाही. अनुक्रमांकात मात्र कधी एकानेही चूक केली नाही. आमचा सगळा प्रामाणिकपणा तिथे खर्च होतो.

पाचव्या मजल्यावरच्या निबियाबाई एचार्त आधी मोज्यांवर आल्या. लिफ्टमध्ये जाळीचं दार ओढत म्हणाल्या, "मास्तर, ते मोजे सात आठवडे वाळतायत. हवा दमट आहे हे मान्य, पण इतकी नाही." मग इंटरकॉमवर आल्या. म्हणाल्या, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या इंटरकॉममधून माझा आवाज येतो. आकडे म्हणतो, अक्षरं म्हणतो, आणि मध्येच खोकतो.

हे शक्य होतं. तारेजवळच्या कोणत्याही स्वस्त यंत्रात आमचा आवाज शिरू शकतो. फक्त आमचा, समोरच्याचा नाही. आमचा इंटरकॉम तर आधीच वाया गेलेला. दमट हवेत तो आपोआप गुरगुरायला लागतो. तेव्हा कोणी "कोण आहे" असं विचारत नाही. खालचं दार उघडायचं बटण दाबलं की तो गप्प बसतो, हे सगळ्यांना पाठ. त्यामुळे आमची इमारत दिवसातून दहा वेळा रस्त्यावरचं दार उघडते आणि दर सभेत चोरांविषयी चिंता व्यक्त करते.

मी निबियाबाईंच्या वायरींना रेडिओ-लहरी अडवणारी चुंबकीय कडी बसवून दिली. रेडिओची ताकद शंभर वॉटवरून पाचवर आणली, म्हणजे देवघरातल्या दिव्याइतकी. त्या म्हणाल्या, काही फरक नाही. "मंगळवारी दुपारी तीनला तर तुम्ही थांबतच नव्हतात."

मंगळवारी दुपारी तीनला मी शाळेत चौतीस पोरांना घर्षण शिकवत होतो. तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी एक हिरवी वही काढली आणि त्यात माझं उत्तरही लिहून घेतलं.

जुलैच्या सभेत ती वही सर्वांसमोर आली. सभा खाली, दाराशी, कारण तिथे फुकट बसता येतं. निबियाबाईंनी अकरा महिन्यांच्या तारखा वाचल्या. अर्ध्याअधिक वेळी मी शाळेत असल्याचं हजेरीपत्रक मी दाखवलं. लोक हसले, माझ्यावर की त्यांच्यावर ते कळलं नाही. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हा माणूस किंवा त्याची तार, दोघांतलं काहीही जाऊ दे. पण मला ते दोन्ही गेलेले आवडतील."

नोटरी ओलासोंनी तोडगा काढला. सिगारेटींनी बसलेल्या आवाजात ते काहीही म्हणाले की ते आधीच ठरून गेल्यासारखं वाटायचं. येत्या शनिवारी दुपारी बारापासून रविवारी बारापर्यंत माझी स्पर्धा होती. मी माझी नोंदवही ठेवायची, निबियाबाईंनी इंटरकॉमपाशी बसून त्यांची. ओलासो साक्षीदार. रविवारी बाराला दोन्ही ताडून बघायच्या. बाईंची वही माझ्या वहीशी ओळ न् ओळ जुळली, तर मालकाला सांगून माझा भाडेकरार महिन्यात संपवायचा. एक ओळ जरी चुकली, तर तक्रार कायमची बंद. आणि मी मुदतीआधी यंत्र बंद केलं, तर ती माझी कबुली.

मला हे फारच आवडलं. आमच्या समितीची पद्धतच त्यांनी नकळत उचलली होती. आणि पाच वॉटवर, कडी लावल्यावर, त्यांना एक शब्द ऐकू येणार नाही याची मला खात्री होती. सही केली. पणाला काय लागलंय ते तेव्हाही माहीत होतं. माझ्या पगारात या शहरात दुसरं घर मिळणं नव्हतं. हे गेलं तर उरणार पासो दे लोस तोरोस गावी बहिणीच्या परसातली खोली, आणि रोज सकाळी तिच्या नवऱ्याचे सल्ले.

शनिवारी ओलासो साडेअकरालाच आले. काखेत थर्मास, हातात ‘माते’ या इथल्या कडू चहाचा पोकळ भोपळा, दुसऱ्या काखेत सोसायटीचं इतिवृत्ताचं जाडजूड पुस्तक. ते कुठेही जाताना हे पुस्तक नेतात. माणसाने काही म्हटलं आणि ते लिहिलं गेलं नाही, तर त्यांना पोटात दुखतं. मी रेडिओपाशी, आतल्या खोलीत डक्टच्या खिडकीला. ते स्वयंपाकघरात, स्टोव्हजवळ, कारण ऊब तिथेच होती.

बाराला सुरू केलं. पहिला ब्राझीलचा, दुसरा अर्जेंटिनाचा, तिसरा पुन्हा ब्राझीलचा. तासाभरात अठरा झाले. पाच वॉट आणि तीन मोजे, त्या मानाने चांगलेच.

एक वाजता ओलासो वर जाऊन आले. दारातच उभे राहिले.

"अठरा जुळतात," ते म्हणाले. "अक्षर न् अक्षर."

मी वहीतल्या ओळी पुन्हा मोजल्या.

"पण त्या चाळिसावर आहेत."

मी म्हटलं, त्या चाळिसावर कशा असतील, मी अठरावर आहे. ओलासोंनी मातेचा घोट घेतला आणि म्हणाले की हा प्रश्न त्यांनाही पडला होता. घड्याळ चुकीचं म्हणाल तर बाईंचं आणि माझं, दोन्ही सेकंदाला जुळलेली होती. त्यांनी स्वतः पाहिलं.

मी त्यांना समजावलं. मी जे अजून बोललेलोच नाही ते त्यांना ऐकू येत असेल, तर तो माझ्या तारेचा दोष कसा? ओलासोंनी कराराचा कागद काढून दोनदा वाचला.

"करारात फक्त 'जुळणे' आहे," ते म्हणाले. "आधी कोण आणि नंतर कोण, याबद्दल मसुदा मौन आहे."

मग मी त्यांना वर पाठवून पुढच्या दहा ओळींचा फोटो मागवला. माझ्या मनात हिशेब साधा होता. एकोणिसाव्या ओळीत पॅराग्वेचा एक होता. मी पॅराग्वेवाल्याला उत्तरच देणार नव्हतो. एक ओळ चुकली की घर वाचलं.

मी चकती फिरवली. लहरींच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एका उरुग्वेच्याच माणसाला हाक मारली, तो साल्तोचा, माझ्या ओळखीचा. त्याला हाक मारली आणि उत्तर पॅराग्वेहून आलं. माझ्या हाताने नोंदवहीत लिहून टाकलं तेव्हा मला कळलं की मी उत्तर दिलं होतं. बावीस वर्षांची सवय. कोणी आपली अक्षरं बरोबर म्हटली की तोंड आपोआप चालतं.

विसाव्याला ठरवलं, खरं बोलायचं. समोरचा बोलिव्हियाचा, आवाज पावसात भिजलेल्या कागदासारखा. मी मुद्दाम, सावकाश म्हणालो, "तीन-दोन." मग त्याने विचारलं, काय म्हणालात? कोणी तीन-दोन देत नाही, त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तीनदा विचारलं. मागे चार जण रांगेत ताटकळत होते. चौथ्यांदा मी म्हणालो, "पाच-नऊ," आणि तो खुश झाला.

मग मी फोटो मोठा करून पाहिला. विसाव्या ओळीत निबियाबाईंनी "तीन-दोन" लिहिलं होतं, खोडलं होतं, आणि वर "पाच-नऊ" लिहिलं होतं.

संध्याकाळी सात वाजता माझी नोंद सत्त्याण्णववर होती. बेल वाजली. निबियाबाई स्वतः, लोकरीच्या शालीत, वही छातीशी धरून. मी त्यांना आजवर कधी घरात घेतलं नव्हतं. त्याही आत आल्या नाहीत, उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

"माझं झालं," त्या म्हणाल्या. "साडेसहापासून इंटरकॉम गप्प आहे. दोनशे बारावर थांबलात तुम्ही. चोवीस तासांची स्पर्धा म्हणाला होतात, त्यातही फसवणूक."

ओलासोंनी वही हातात घेतली, मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. दोनशे अकरापर्यंत सगळ्या ओळी एकसारख्या. शेवटचं पान वेगळं होतं.

*पाच-नऊ, दोनशे बारा.*
*पुन्हा सांगा.*
*पुन्हा सांगा.*
*नाही, अगदी स्पष्ट. तुम्ही फार जवळ आहात.*
*हो. तिसरा मजला, मागची बाजू.*
*उघडतो.*

खाली बाईंनी स्वतःची टीप लिहिली होती: *दाराचा आवाज. लिफ्ट. पुढे काही नाही.*

"हे कोणाशी बोलत होतात?" मी विचारण्याआधी त्यांनीच मला विचारलं.

मी म्हणालो, मी अजून बोललो नाही.

"शेवटच्या शब्दाला तुमचा घसा बसल्यासारखा वाटला," त्या म्हणाल्या. "कोमट पाणी घ्या. महिनाभरात सामान बांधायचंय." आणि वही घेऊन वर गेल्या.

तो पट्टा अंधार पडल्यावर मरतो. माझ्या तारेला रात्री कोणी ऐकत नाही. यंत्र चालू ठेवलं आणि झोपलो. ओलासो खुर्चीतच घोरले.

सकाळी मी डोकं थंड ठेवून विचार केला. दोनशे बारावा संपर्क करायचाच नाही. दोनशे अकराला पोचलो की माइक खाली ठेवायचा आणि बारा वाजेपर्यंत गप्प बसायचं. यंत्र चालू, करार शाबूत, वहीतली शेवटची ओळ चुकलेली. त्यापेक्षा सोपा प्रयोग नव्हता. मुळात पुढे एकही संपर्क करू नये, हेही सुचलं. पण मला सांगायला लाज वाटते, गेल्या वर्षी मी कमी जागेच्या गटात चार संपर्कांनी दुसरा आलो होतो, आणि यंदा दोनशे सात झाले की मी पहिला येणार होतो.

अकरा एकतीसला दोनशे अकरावा झाला. चिलीचा. नोंद केली. माइक टेबलावर पालथा ठेवला.

पट्टा रिकामा झाला.

अशा स्पर्धेत शेवटच्या अर्ध्या तासात पट्ट्यावर सुई ठेवायला जागा नसते. मी चकती फिरवली. कुठेही कोणी नाही. ब्राझील नाही, खरखर नाही, वीज कडकडल्याचा आवाज नाही. फक्त जोर दाखवणारा काटा उजवीकडे सरकत होता. तो नऊच्या पुढे गेला. बावीस वर्षांत मी तो नऊच्या पुढे फक्त एकदा पाहिला होता, एका मित्राने शेजारच्या खोलीतून चाचणी घेतली तेव्हा.

काटा टोकाला टेकला आणि थांबला.

मग कोणीतरी माझी अक्षरं म्हटली. घाई नाही. एक-एक.

मी माइककडे पाहिलं. माझे दोन्ही हात मांडीखाली होते. मी ते मुद्दाम तिथे ठेवले होते. ओठ मिटलेले.

स्वयंपाकघरातून आवाज आला. माझा.

"पाच-नऊ, दोनशे बारा."

माझ्या घरातला इंटरकॉम आजवर कधी बोलला नव्हता.

"तुमच्याकडेही लागलं की हे," ओलासो तिकडून म्हणाले. त्यांना मी दिसत नव्हतो. मी बोलतोय असंच त्यांना वाटलं.

"पुन्हा सांगा," मी म्हणालो. म्हणजे इंटरकॉम म्हणाला.

रेडिओतून पुन्हा काहीतरी आलं. मला ते ऐकू आलं, आणि आज ते मला आठवत नाही.

"पुन्हा सांगा."

मी मांडीखालून हात काढले आणि उठलो.

"नाही, अगदी स्पष्ट. तुम्ही फार जवळ आहात."

पक्कड खिडकीच्या कठड्यावर होती.

"हो. तिसरा मजला, मागची बाजू."

मी तार तोडली. आणि यंत्राची वायर भिंतीतून उपटली. अकरा चौतीस.

दिवे गेलेल्या घरात असते तशी शांतता. इंटरकॉम थांबला होता. शेवटचा शब्द उच्चारला गेला नव्हता. घर गेलं होतं, पण ओळ चुकली होती. मी भिंतीला टेकून एवढंच मोजत होतो.

मग इंटरकॉम गुरगुरला. नेहमीसारखा, दमट हवेतला.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"उघडतो," ओलासो बसलेल्या आवाजात पुटपुटले, आणि सवयीने बटण दाबलं.

खाली रस्त्यावरच्या दाराचा खटका वाजला. लिफ्ट सुरू झाली.

ओलासो थर्मास उचलून बाहेरच्या दाराकडे निघाले होते; जाता जाता मला म्हणाले की वेळ नोंदवतो, अकरा चौतीस, आपणहून बंद केलं. मी त्यांना थांबा म्हणालो की नाही ते मला सांगता येणार नाही. जाळीचं दार सरकलं. बाहेरून ओलासोंचा आवाज आला, ओळखीपाळखीच्या माणसाला करतात तसा नमस्कार. मग पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज, आणि पेनचा.

मी बाहेर आलो. जिन्यात ओलासो एकटे, लिफ्ट रिकामी.

"कोण होतं?"

"तुमच्यातलाच कोणीतरी. 'पाच-नऊ, दोन' म्हणाला." ते लिहिणं संपवत होते. "नोंद घेतली."

"कुठे गेला?"

ओलासोंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याकडेच आत आला ना?"

मी घर आठ दिवसांत सोडलं. महिना थांबलो नाही. ते आठ दिवस मी स्वयंपाकघरात दिवा लावून झोपलो आणि आतल्या खोलीचं दार बंद ठेवलं. तिथून कसलाही आवाज आला नाही, हेही सांगायला हवं. रेडिओ तिथेच राहिला. डक्टमधली तोडलेली तार आणि मोजेही.

सप्टेंबरमध्ये, पासो दे लोस तोरोसला, समितीचं पत्र आलं. दोनशे अकरा संपर्क, दोनशे अकरा जुळले, एकही चूक नाही. कमी जागेच्या गटात पहिला. खाली एक विचारणा होती. एका केंद्राने तुमच्याशी अकरा चौतीसला संपर्क झाल्याचं कळवलं आहे. तुमच्याकडून मिळालेला क्रमांक दोनशे बारा, त्यांनी दिलेला क्रमांक एक. त्यांची अक्षरं कोणत्याही देशाच्या यादीत सापडत नाहीत. तुमच्या नोंदवहीत हा संपर्क नाही. राहून गेला असल्यास सात दिवसांत नोंद करून कळवावे.

दोन्हीकडे लिहिलेलं असेल तरच संपर्क झाला. मी उत्तर दिलं नाही. प्रमाणपत्र मेहुण्याने चौकटीत बसवून परसातल्या खोलीत लावलं; तो रोज त्याखाली उभं राहून मला नोकरीविषयी सांगतो.

नोव्हेंबरमध्ये शाळेच्या कागदांवर सह्या करायला राजधानीत गेलो. दुराज्नो रस्त्यावर जायचं काही कारण नव्हतं. कोपऱ्यावरच्या बेकरीत बिस्कोचो घ्यायला थांबलो आणि निबियाबाई समोर आल्या. मी निघून जायला हवं होतं. पण त्या माझ्याशी चक्क बोलल्या; जिंकलेला माणूस हरलेल्याशी बोलतो तितक्या प्रेमाने.

इमारत इतकी शांत कधीच नव्हती, त्या म्हणाल्या. इंटरकॉम चार महिन्यांत एकदाही गुरगुरला नाही. माझ्या जागी नवा भाडेकरू आलाय. करार कोणी केला ते मालकाला आठवत नाही, पण माणूस सज्जन. चेहरा कोणी नीट पाहिलेला नाही. लिफ्टची जाळी बंद होताना पाठ तेवढी दिसते. भेटला की पाच-नऊ म्हणतो आणि एक आकडा सांगतो. एका माणसाला एकदाच. पुन्हा भेटलात तर बघतही नाही.

"ओलासोंना दोन मिळाला. चौकीदाराला तीन. मग दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं, चार आणि पाच. वरच्या दंतवैद्याला सहा. ओलासोंनी लिहिला होता, म्हणून गंमत म्हणून मी सगळ्यांना आपापला आकडा लिहून ठेवायला लावलं."

"ओलासो कसे आहेत?"

"पिरियापोलिसला गेलेत म्हणे. ऑगस्टपासून. परवा पिरियापोलिसहून त्यांची बहीण विचारत आली, ओलासो इथे आहेत का." त्या पाकिटातला एक बिस्कोचो चाचपून बघत होत्या. "सगळेच या वर्षी लवकर सुट्टीवर गेलेत. बरंच आहे. तुमच्या तारेवर मोजे मात्र वाढलेत. आठ झालेत. नव्यांत एकही जोडी नाही."

मी विचारलं, त्यांना आकडा मिळाला का.

हे त्यांना लागलेलं होतं. "पाचवा मजला, चोवीस वर्षं राहतेय, आणि दंतवैद्याला माझ्या आधी," त्या म्हणाल्या. म्हणून त्यांनी ठरवलं होतं: आज दुपारी बाराला सरळ तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवायची. त्यांनी पिशवीतून हिरवी वही काढून दाखवली. नवं पान. पट्टीने आखलेली एक ओळ: तारीख भरलेली, वेळ भरलेली. पुढे एक चौकोन, रिकामा.

बेकरीतल्या घड्याळात साडेअकरा वाजले होते.

अकरा महिने या बाईने माझा प्रत्येक शब्द उलटा करून माझ्याच अंगावर टाकला होता. मी डावं म्हटलं की ती उजवीकडे जायची. हे मला जितकं माहीत होतं तितकं घर्षणाबद्दलही माहीत नसेल.

"जा खुशाल," मी म्हणालो. "फक्त लिहू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती जुनी नजर परत आली.

"तुम्ही सांगताय म्हणून तर लिहिणार, मास्तर."

त्या असं म्हणतील, हे मला तोंड उघडण्याआधी माहीत होतं.

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि बेकरीच्या पाकिटावर दोन रेघा ओढून पाहिल्या. पेन चालत होतं.